मणके ‘बसवण्या’आधी मागच्या पायाची नखे पाहा

प्रश्न : आमच्याकडे साडेपाच वर्षांचा डॅशहुंड आहे. नाव चिकू, वजन १२ किलो. तीन आठवड्यांपूर्वी सोफ्यावरून उडी मारताना तो कळवळला आणि तेव्हापासून पाठ कमानीसारखी वर काढून चालतो. आमच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढून ‘मणक्यांमधली एक जागा कमी झालेली दिसते’ असे सांगितले व सात दिवसांच्या गोळ्या आणि विश्रांती सुचवली. गोळ्यांनी तो इतका बरा झाला की घरभर पळू लागला, पण गोळ्या संपताच पुन्हा दुखू लागले. गेल्या चार दिवसांपासून चालताना त्याच्या मागच्या उजव्या पायाची नखे फरशीवर घासल्याचा आवाज येतो. माझ्या मिस्टरांना कंबरदुखीवर एका कायरोप्रॅक्टरकडे, म्हणजे हाताने झटका देऊन मणके ‘बसवणाऱ्या’ उपचारकाकडे, चांगला गुण आला होता. ते प्राण्यांचेही मणके बसवतात आणि सहा बैठकांत चिकूला बरे करू म्हणतात. आगाऊ पैसे भरले आहेत, पहिली बैठक येत्या रविवारी आहे. हा उपचार करावा का? तोवर मिस्टरांची दुखण्यावरची गोळी अर्धी दिली तर चालेल का? सासूबाई रोज तेलाने त्याची पाठ चोळतात, ते चालू ठेवावे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमचे पत्र वाचल्यावर उत्तर छापून येईपर्यंत थांबणे मला योग्य वाटले नाही, म्हणून त्याच दिवशी तुम्हाला दूरध्वनी करून दोन गोष्टी सांगितल्या होत्या. रविवारची बैठक रद्द करा, आणि चिकूला उद्यावर न ढकलता आजच तुमच्या डॉक्टरांकडे नेऊन ‘नखे घासली जात आहेत’ हे वाक्य त्यांना आवर्जून सांगा. त्यामागची कारणे येथे सविस्तर लिहितो, कारण उपचारासाठी मणक्यांना झटका देण्याच्या चित्रफिती पाहून हाच प्रश्न विचारणारी पत्रे अलीकडे वाढली आहेत.

तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य कायरोप्रॅक्टरविषयीचे नाही, नखांविषयीचे आहे. आपला पाय कोठे आणि कसा टेकला आहे, याची खबर पायाकडून मेंदूला सतत जात असते. पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूवर दाब पडू लागला की बहुधा सर्वांत आधी ही खबर अडखळते. मग कुत्रा पाय पुरेसा उचलत नाही, नखे घासतात, आणि कधी कधी पंजा उलटा, म्हणजे वरच्या बाजूवर, टेकला जातो. तुमचे डॉक्टर चिकूला आधार देऊन उभा करतील आणि त्याचा मागचा पंजा हलकेच उलटा करून जमिनीवर ठेवतील. निरोगी कुत्रा तो क्षणार्धात सरळ करतो. पंजा तसाच उलटा राहिला किंवा सरळ व्हायला वेळ लागला, तर दुखणे केवळ स्नायूंचे नाही, हे जवळजवळ स्पष्ट होते. या आजाराच्या पाच पायऱ्या मानल्या जातात : केवळ वेदना, मग चालता येत असूनही तोल व ताकद कमी होणे, मग पाय हलतात पण उभे राहता येत नाही, मग पाय पूर्ण लुळे पडणे, आणि शेवटी बोटे जोरात चिमटली तरी वेदना न कळणे. तीन आठवड्यांपूर्वी चिकू पहिल्या पायरीवर होता. नखांचा आवाज तो दुसऱ्या पायरीवर आल्याचे सांगतो आहे.

आता ‘मणका सरकला’ या शब्दप्रयोगाकडे वळू, कारण सगळा गोंधळ तेथूनच सुरू होतो. कुत्र्याच्या मानेत ७, छातीच्या भागात १३ आणि कमरेत ७ मणके असतात आणि ते अस्थिबंध व स्नायूंनी इतके घट्ट बांधलेले असतात की सोफ्यावरच्या उडीने मणका जागचा हलत नाही. सरकते ती दोन मणक्यांमधली गादी, आणि तीही अख्खी सरकत नाही. या गादीला बाहेरून चिवट कडे असते आणि आत लिबलिबीत गर असतो. डॅशहुंड, पेकिनीज, फ्रेंच बुलडॉग, बीगल, शिह त्झू यांसारख्या जातींत हा गर अगदी लहान वयात, बऱ्याचदा पहिल्या वर्षभरातच, सुकू लागतो आणि पुढे त्यात चुना साचतो. मग एखाद्या साध्या उडीचे निमित्त होते, कडे फाटते आणि तो खरखरीत गर वरच्या बाजूला, मज्जारज्जूच्या पोकळीत शिरतो. हॅन्स-योर्गेन हॅन्सन या स्वीडिश पशुवैद्याने १९५२ मध्ये या विकाराचे जे दोन प्रकार वर्णन केले, त्यांतला हा पहिला. आणि ज्या आखूड पायांवर आपण डॅशहुंडच्या बाबतीत भाळतो, त्या ठेवणीशीच या दुबळ्या गाद्यांचे नाते आहे : याला जबाबदार असलेला जनुकीय बदल २०१७ मध्ये कुत्र्यांच्या बाराव्या गुणसूत्रावर सापडला. म्हणजे चिकूला सोफ्यावर चढू दिले हा तुमचा अपराध नव्हे. गादी आधीच ठिसूळ झालेली असणार.

बरगड्यांची मुळे एकमेकींना जोडणारा एक आडवा बंध साधारण दहाव्या बरगडीपर्यंत गाद्यांना वरून आधार देतो. त्याच्या मागे हा आधार नसतो, म्हणूनच छातीचा भाग संपून कंबर सुरू होते त्या सांध्याच्या आसपास या गाद्या सर्वाधिक फुटतात. हे मी शरीररचनेचा धडा द्यायचा म्हणून लिहीत नाही. तुमच्या मिस्टरांना आलेला गुण चिकूच्या बाबतीत का लागू पडत नाही, याचे उत्तर नेमके येथे आहे. माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. कंबरदुखीवाल्या माणसाची गादी बहुधा त्याच्या बरीच खाली, चौथ्या-पाचव्या मणक्याशी किंवा त्याखाली, त्रास देते. तेथे पोकळीत मज्जारज्जू नसतो, खाली लोंबणाऱ्या मज्जातंतूंच्या जुड्या असतात आणि त्या थोडा दाब सोसून घेतात. कुत्र्याचा मज्जारज्जू मात्र कमरेच्या सहाव्या मणक्याच्या आसपासपर्यंत जातो, आणि त्याच्या गाद्या फुटतात त्या जागी तर तो पूर्ण जाडीचा असून पोकळीत फारशी मोकळी जागा नसते. मिस्टरांच्या कमरेला झटका बसला तेव्हा त्या जागी मज्जारज्जूच नव्हता. चिकूच्या पाठीला तसाच झटका दिला आणि अर्धा बाहेर आलेला गर आणखी बाहेर ढकलला गेला, तर तो थेट मज्जारज्जूवरच जाईल.

या उपचाराचे मूळही पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतील आयोवा राज्यात डॅव्हनपोर्ट या गावी डॅनियल डेव्हिड पामर यांनी १८९५ मध्ये हार्वी लिलार्ड या कमी ऐकू येणाऱ्या सफाई कामगाराच्या पाठीचा एक मणका दाबून ‘बसवला’ आणि त्याची श्रवणशक्ती परत आल्याचा दावा केला. मणके किंचित ढळल्याने नसांचा प्रवाह अडतो आणि त्यातून बहुतेक रोग होतात, अशी त्यांची कल्पना होती. कानाची नस पाठीतून जातच नाही, हे तेव्हाही ठाऊक होते, पण कायरोप्रॅक्टिकचा पंथ वाढला. प्राण्यांसाठी त्याला संघटित रूप फार उशिरा आले. अमेरिकेत शॅरन विलोबी या पशुवैद्य आणि कायरोप्रॅक्टर असलेल्या बाईंच्या पुढाकाराने १९८९ मध्ये त्याची संघटना स्थापन झाली. आज त्या क्षेत्रातले सगळेच जण पामर यांची मूळ कल्पना शब्दशः मानतात असे नाही. कित्येक जण सांध्याची हालचाल मोकळी करणे, इतकाच मर्यादित दावा करतात. मात्र ‘मणके जागेवर बसवून देतो’ असे म्हणणारी व्यक्ती १८९५ चीच भाषा बोलते आहे.

झटका दिल्यावर येणारा ‘कट्ट’ हा आवाज लोकांना हाड जागेवर बसल्याचा पुरावा वाटतो. दृष्ट काढताना आजी कानशिलांवर बोटे मोडते, तेव्हा जो आवाज येतो त्याच जातीचा हा आवाज आहे. सांध्यातील वंगणासारख्या द्रवावरचा दाब एकाएकी कमी झाला की त्यात वायूची पोकळी तयार होते. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये बोटाचा सांधा मोडताना एमआरआयवर ती प्रत्यक्ष टिपली. आजीची बोटे मुळात निखळलेली नसतात आणि आवाजाने ती बसतही नाहीत. आपल्याकडे उसण भरली की पायाळू माणसाची हलकी लाथ पाठीवर घेण्याची चाल होती आणि तिनेही कित्येकांना बरे वाटत असे, कारण उसण बहुतेक वेळा चार-सहा दिवसांत आपोआपच उतरते.

येथे मी उपहास करतो आहे असे वाटू नये, म्हणून दुसरी बाजूही सांगतो. घोड्यांवर या पद्धतीचे काही चांगले काम झालेले आहे. कॉलोराडो राज्य विद्यापीठातील केव्हिन हॉस्लर यांनी दाबमापक यंत्राने मोजून दाखवले की अशा उपचारानंतर घोड्याची पाठ काही काळ अधिक दाब सहन करते आणि अधिक लवचीकही होते. पण हे पाठ आखडलेल्या घोड्यांविषयीचे निष्कर्ष आहेत, गादी फुटलेल्या कुत्र्यांविषयीचे नव्हेत. कुत्र्यांच्या बाबतीत ‘गुण आला’ हा शब्द फार जपून वापरावा लागतो. संधिवाताने लंगडणाऱ्या कुत्र्यांचा एक अभ्यास २०१२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यात औषधाच्या नावाखाली निव्वळ निष्क्रिय गोळी मिळालेल्या कुत्र्यांची चाल यंत्राने मोजली असता बदललेली नव्हती, तरीही मालकांच्या नोंदींत सुमारे ५७ टक्के वेळा त्यांना कुत्रा सुधारल्याचा भास झालेला आढळला. पशुवैद्यही या भासातून सुटले नाहीत, त्यांचे प्रमाण ४० ते ४५ टक्के होते. मी या व्यवसायात असल्याने हा दुसरा आकडा मला अधिक टोचतो.

कायद्याचेही एक वाक्य सांगणे भाग आहे. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ नुसार जनावरांवर वैद्यकीय उपचार करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यालाच आहे. काही किरकोळ सेवा राज्य सरकारच्या परवानगीने पदविकाधारक देऊ शकतात, पण त्याही पशुवैद्याच्या देखरेखीखाली. माणसांच्या पाठी हाताळण्याचे प्रशिक्षण कितीही चांगले असले तरी त्याने हा अधिकार मिळत नाही. ब्रिटनमध्ये अशा हस्तोपचारांना मोकळीक आहे, तरी तेथेही २०१५ च्या आदेशाप्रमाणे आधी पशुवैद्याने जनावर तपासून संमती द्यावी लागते. तुमच्या पत्रात ज्यांचा उल्लेख आहे, त्यांनी चिकूचा एक्स-रे मागितला नाही, डॉक्टरांशी बोलायची इच्छा दाखवली नाही आणि कुत्रा पाहण्याआधीच सहा बैठकांचा आकडा ठरवला, असे तुम्ही दूरध्वनीवर सांगितलेत. माझ्या दृष्टीने एवढ्यावरच प्रश्न मिटतो.

मग हा उपचार कधीच करू नये का? म्हातारपणी आखडलेला लॅब्रॅडोर असेल, पशुवैद्याने मज्जासंस्थेची तपासणी करून गादी, गाठ, जंतुसंसर्ग यांपैकी काही नाही अशी खात्री केली असेल, आणि हात लावणारी व्यक्ती स्वतः पशुवैद्य असून तिने हे शिकून घेतले असेल, तर हलक्या हाताच्या उपचाराला मी हरकत घेणार नाही. तेवढेच पैसे आणि तेवढाच वेळ वजन उतरवण्यात, पाण्यातील व्यायामात आणि नियमित फिजिओथेरपीत घातला तर अधिक लाभ होईल, हे माझे मत मात्र मी लपवणार नाही. पॉमेरेनियन, चिवावा, यॉर्कशायर टेरियर अशा चिमुकल्या जातींच्या मानेला झटका देणे तर कोणत्याही परिस्थितीत टाळावे. त्यांच्यात मानेचे पहिले दोन मणके जन्मतःच नीट जोडलेले नसण्याची शक्यता असते आणि अशा वेळी एका झटक्याने श्वासही थांबू शकतो.

चिकूकडे परत येतो. डॉक्टरांनी गोळ्यांबरोबर विश्रांती सांगितली होती, आणि पत्रावरून दिसते की गोळ्या पाळल्या गेल्या, विश्रांती पाळली गेली नाही. यात तुमची चूक थोडी आणि आमची अधिक आहे. ‘आराम द्या’ एवढेच सांगून आम्ही मोकळे होतो, आणि घरात आराम याचा अर्थ ‘फिरायला नेऊ नका’ असा घेतला जातो. गोळीने वेदना थांबते, कडे मात्र सांधले जात नाही. वेदना थांबलेला कुत्रा पळतो, आणि पळताना अर्धवट फाटलेले कडे आणखी फाटते. म्हणून विश्रांती म्हणजे पिंजरा. चिकूला उभे राहता येईल, वळता येईल आणि पाय पसरून झोपता येईल एवढाच मोठा. त्यात किमान चार आठवडे, आणि माझ्या मते सहा. केवळ शी-शूसाठी बाहेर काढायचे, तेही एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या पायांखाली घालून, पाठ आडवी व सरळ ठेवून. काखेत हात घालून लहान मुलासारखे उचलू नये. गळपट्ट्याऐवजी छातीचा पट्टा वापरावा. पिंजरा बैठकीच्या खोलीत ठेवा, म्हणजे त्याला एकटे वाटणार नाही. पहिले तीन-चार दिवस तो रडेल. त्या रडण्याने विरघळून पिंजऱ्याचे दार उघडणारी व्यक्ती प्रत्येक घरात एक तरी असते आणि तिच्याशी आधीच बोलून घेतलेले बरे. शहरी घरांतील गुळगुळीत टाइल्स या कुत्र्यांच्या मोठ्या शत्रू आहेत. पिंजऱ्याबाहेर तो जेथे जेथे पाय टेकेल, तेथे रबरी पाठ असलेली चटई अंथरा. साधी सतरंजी स्वतःच घसरते. वजनही उतरवावे लागेल. ते किती आणि कसे, हे डॉक्टर त्याची अंगकाठी पाहून ठरवतील, पण तूप लावलेली पोळी आणि चहाबरोबरची ग्लुकोज बिस्किटे आजपासूनच बंद करता येतील.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा त्यांना मज्जासंस्थेची तपासणी करण्याची विनंती करा. एक्स-रेमध्ये हाडे आणि चुना साचलेल्या गाद्या दिसतात, मज्जारज्जू दिसत नाही. त्यावर किती दाब आहे हे एमआरआय किंवा सीटी स्कॅननेच कळते. नाशिकात प्राण्यांसाठी सोय नसली, तर तुमचे डॉक्टर मुंबईला पाठवण्याची चिठ्ठी देतील. परळच्या बाई साकरबाई पेटिट रुग्णालयासारख्या, मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेल्या मोठ्या संस्थेत पुढील तपासण्या कोठे होतील याचे मार्गदर्शन मिळेल. गोचीड-तापाने सांधे व पाठ दुखते, गादीच्या जंतुसंसर्गातही पाठ अशीच कमानदार होते. म्हणून रक्ततपासणीही टाळू नका.

चिकूला उठताच येईना, मागचे पाय ओढत नेऊ लागला किंवा दिवसभर लघवी झाली नाही, तर मात्र सकाळची वाट पाहू नका. पाय लुळे पडले तरी बोटांतील खोल वेदना शिल्लक असताना शस्त्रक्रिया झाली, तर दहापैकी नऊच्या आसपास कुत्रे पुन्हा चालतात. तीच वेदना नाहीशी झाल्यावर हे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहून थोडे वर येते. या दोन अवस्थांमधले अंतर कधी कधी काही तासांचे असते. दुसऱ्या पायरीवर असलेल्या बहुसंख्य कुत्र्यांना शस्त्रक्रियेची गरज पडत नाही, हेही येथेच सांगतो, कारण मागची दोन वाक्ये वाचून तुमची झोप उडावी असा माझा हेतू नाही.

मिस्टरांची गोळी अर्धीही नको, पावही नको. माणसांच्या वेदनाशामकांपैकी डायक्लोफिनॅक व आयब्युप्रोफेनने कुत्र्याच्या जठरात व्रण पडून रक्तस्राव होतो आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅकमुळे त्यांची मृत शरीरे खाणारी आपली गिधाडे कशी संपत गेली, हे आपण पाहिले आहे. जनावरांसाठी ते औषध भारतात २००६ मध्ये बंद करावे लागले. चिकूच्या डॉक्टरांनी दिलेल्या सात दिवसांच्या गोळ्यांत स्टिरॉइड असेल आणि त्यावर घरची वेदनाशामक गोळी पडली, तर धोका कितीतरी वाढतो. म्हणून त्या गोळ्यांचे रिकामे पाकीट सोबत घेऊन जा.

आगाऊ भरलेले पैसे मागून पाहा. मिळाले नाहीत तरी ‘पैसे दिलेच आहेत, तर एक बैठक करून पाहू’ हा विचार मनात येऊ देऊ नका.

सासूबाईंच्या तेलाविषयी. त्यांचा हात थांबवणे तुम्हाला अवघड जाणार, हे मी समजू शकतो, आणि त्या मायेने चिकूला बरेही वाटत असणार. तरीही पाठ चोळणे आजपासून थांबवावे, कारण हलक्या दाबानेही दुखऱ्या जागेचे स्नायू आवळतात आणि पाठ वाकते. पिंजऱ्याचे आठवडे पूर्ण झाले आणि डॉक्टरांनी होकार दिला, की मांड्या आणि खांदे कोरड्या, कोमट हाताने हळूहळू चोळायला हरकत नाही. तेल कशाला हवे? तो ते चाटणारच. त्यात कापूर किंवा वेदनाशामक मलम मिसळण्याची सवय असेल, तर तेवढे मात्र त्यांना स्पष्टपणे सांगा की कापूर आणि अशी मलमे कुत्र्याच्या पोटात गेली तर विषासारखी ठरतात.